नाव ठेवायचा मान

माझ्या भाचीचं पहिलं नाव मी ठेवलं होतं, आणि ते चुकलं.

आमच्याकडे बारशाला बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं असतं. आईबापानं आधीच ठरवलेलं असो, नाहीतर कुणी पत्रिका बघून अक्षर काढून दिलेलं असो, पाळण्यात वाकून बाळाच्या कानात ते पहिल्यांदा सांगायचा मान आत्याचा. आत्या कानात 'कुर्रर्र' करते, नाव सांगते आणि जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. का घालतात ते मला आजवर कुणी सांगितलं नाही. त्या दिवशी मला इतके बसले की दोन दिवस मशीनवर वाकून शिवता येईना. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठाला आमचं गाव. आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. पुढं नदीचं पाणी मोटारीनं वर रानात आलं तशी शेती धरली. धाकट्या भावाचं पहिलं मूल, त्यात मुलगा. आबांनी स्वतःच्या हातानं घुगऱ्या वाटल्या. मी चांगलं दणकट, पुरुषी नाव निवडलं होतं. ते मी इथं लिहिणार नाही. त्या नावाचं आता कुणी नाही. आणि ह्या लिखाणात मी तिला पहिल्यापासून 'ती'च म्हणणार आहे, ज्याला खटकेल त्यानं इथंच थांबावं.

मराठीत एक गंमत आहे. 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत फरक एका टिंबाचा. पहिल्या कामाला आत्या लागते. दुसऱ्याला कुणीही चालतं, आणि त्याला माणसं न बोलावता येतात.

माझं सासर दौंडचं. नवरा रेल्वेत. स्टेशनपासून चालत येता येईल अशा गल्लीत पुढं माझं लेडीज टेलरिंगचं दुकान, मागं घर. दहावी झाल्यावर ती अकरावी-बारावीला माझ्याकडे राहायला आली. कॉलेजातून आली की दप्तर टाकायची आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसायची. हुक लाव, काज कर, साडीला फॉल लाव. टाका इतका बारीक की गिऱ्हाईक विचारायचं, हा तुमचा हात नाही हो. मला आपलं कौतुक वाटायचं, मुलगा असून किती मदत करतो! माझ्या डोळ्यांसमोर सगळं होतं आणि मला दिसत काही नव्हतं.

लोकांना वाटतं मला तिच्या कपड्यांवरून कळलं असेल. ओढणी घेऊन आरशासमोर उभी होती, काहीतरी असं. तसं काही झालं नाही. मला कळलं ते तिच्या बोलण्यावरून, आणि त्यालाही दीड वर्ष लागलं. मी विचारायचे, "जेवलास का रे?" ती म्हणायची, "माझं झालं." "कॉलेजला गेला होतास का?" "कॉलेज होतं ना आज." "कंटाळलास का?" "कंटाळा आला जरा." एका दुपारी मी ब्लाऊजला अस्तर लावत होते आणि एकाएकी माझ्या ध्यानात आलं की ही स्वतःबद्दल 'आलो', 'गेलो', 'बसलो' असं कधी बोलतच नाही. मराठीत तोंड उघडलं की आधी सांगावं लागतं, तू बाई का बापय. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, आपण तोंडाला येईल ते बोलतो. ही पोर माझ्या घरात दीड वर्ष एकेक वाक्य आधी मनात फिरवून, त्यातून स्वतःला काढून घेऊन मग बोलत होती. "आंघोळ करून आलो" एवढंसुद्धा तिला साधं म्हणता येत नव्हतं.

मी मशीन थांबवलं. म्हणाले, "तुला जसं बोलावंसं वाटतं तसं बोल. मी कुणाला सांगणार नाही."

तिनं हातातले हुक डबीत ठेवले. मग म्हणाली, "मी दमले, आत्या."

दमले. दमलो नाही.

इथं मी तिला जवळ घेतलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "आधी बारावी होऊ दे. मग बघू." जसं काही ती सहलीला पैसे मागत होती. ती "बरं" म्हणाली आणि पुढचे सहा महिने परत "माझं झालं"वर गेली. ह्या सगळ्या कहाणीत मला पुष्कळांचा राग आहे, तो मी पुढं काढणारच आहे. पण त्या सहा महिन्यांचा राग काढायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही.

बारावी झाली, चांगल्या मार्कांनी झाली. मी तिला घेऊन गावी गेले. तिनं स्वतःच सांगितलं, ओसरीवर, आईबापाला समोर बसवून. मी नुसती शेजारी बसले होते. माझा भाऊ उठला, "मोटार चालू करायची हाय" म्हणाला आणि भर दुपारी रानात निघून गेला. वीज रात्रीची होती त्या आठवड्यात. भावजयीनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मला ठावं हुतं. आईला कळत न्हाई व्हय? पन कुनी तोंडानं बोलल्याबगार मी कसं बोलू?" म्हणजे त्या घरात सगळ्यांनाच थोडं थोडं माहीत होतं आणि सगळे दुसऱ्याची वाट बघत होते. वाट बघायची किंमत मात्र एकटी पोर मोजत होती.

चार दिवसांत भावकीला कळलं. आमचे थोरले चुलते, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, आणखी दोघांना घेऊन आले. चहा झाला. मग आप्पांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "देवीचं लागिर हाय हे. आपल्या हातात काय न्हाई. परडी द्या हातात, सोडा देवीला. मंग घरावर बी दोष येत न्हाई."

परडी म्हणजे देवीच्या नावानं जोगवा मागायची टोपली. ज्यांनी ती भक्तीनं घेतली त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण आप्पांच्या बोलण्यात देवी नव्हतीच. देवीला सोडा म्हणजे आपल्या घरातून काढा, तिला दारोदार मागायला लावा आणि वर नमस्कार करा. इतकं घाण काम इतक्या स्वच्छ शब्दांत करता येतं हे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हणाले, "आप्पा, तुमच्या नातवाला दहावीला गणितात भोपळा मिळाला. त्याला कुठल्या देवीला सोडलं तुम्ही?"

"आक्का, तू सासुरवाशीन हायेस. ह्यात पडू नकू."

"मी आत्या आहे. बारशाला माझी पाठ चालली, आता माझं तोंड चालवून घ्या."

आप्पा उठून गेले. त्यांनी पुढं वर्षभर आमच्याकडचा चहा घेतला नाही. साखर वाचली.

माझ्या भावानं पोरीला घराबाहेर काढलं नाही, हे लोक मोठ्या कौतुकानं सांगतात. काढलं नाही म्हणजे काय उपकार केले? स्वतःच्या लेकराला घरात राहू दिलं म्हणून माणसाची पाठ थोपटायची वेळ आली असेल तर त्या गावाचं काहीतरी बिघडलंय. माझंही तसंच. 'तुमचं मन फार मोठं हो', असं मला दौंडच्या बाजारात बायका थांबवून सांगतात. माझं मन कसलं मोठं, मी गिऱ्हाइकाला एक वार कापड जास्त लागलं तरी कटकट करते.

तर भावानं तिला काढलं नाही. त्यानं दुसरंच केलं. तो तिला 'ते' म्हणायला लागला. "ते जेवलं का?" "ते आलं का गावातनं?" आता आमच्याकडे लेकराला 'ते' म्हणतातच. पोरगं गुणाचं हाय, लेकरू झोपलं, ह्यात मायाच असते. पण ते दुडदुडणाऱ्या लेकराला. अठरा-एकोणीस वर्षांच्या जाणत्या माणसाला त्याच्या समोर 'ते' म्हटलं की ते दावणीच्या जनावराबद्दल बोलल्यासारखं वाटतं. ती मला एकदा म्हणाली, "आत्या, पप्पा माझ्याबद्दल मी खोलीत नसल्यासारखं बोलतात." मी त्याला गाठून झापलं. तो खाली मान घालून ऐकत होता, मग म्हणाला, "आक्का, 'त्यो' म्हणलं की ते रडतंय. 'ती' म्हणाया माझी जीब वळत न्हाई. मंग मी म्हणू काय?" मला त्याची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. कारण जीभ त्याची वळत नव्हती, आणि मुकी होत होती ती.

तिनं लॅब टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश घेतला. कॉलेज हायवेलगतचं, नाव लिहीत नाही. शिक्रापूरला कंपनीत जाणाऱ्या दोन मुलींबरोबर एक खोली भाड्यानं मिळाली. त्या बिहारकडच्या. त्यांना मी आधी सगळं स्पष्ट सांगितलं तर एक म्हणाली, "आंटी, खाना बनाना आता है ना इसको?" एवढीच त्यांची अट होती. आमच्या शिकल्यासवरल्यांना एवढं साधं सुचत नाही. आणि तिचा हात! दंडाला रबर बांधलं, दोन बोटांनी चाचपलं की शीर सापडलीच. आबांचं रक्त काढताना कंपाउंडर चारदा टोचायचा. हिनं पहिल्या झटक्यात काढलं. आबा म्हणाले, "टोचलं व्हय? मला कळलंच न्हाई." ते तिला आधीपासून 'बाय' म्हणायला लागले होते, कुणाला न विचारता. ऐंशीच्या पुढच्या माणसाची जीभ वळली, पंचेचाळिशीतल्याची वळेना.

मग पहिल्या वर्षाची परीक्षा आली.

कॉलेजच्या कागदोपत्री अजून जुनंच नाव होतं. हॉल तिकिटावर तेच, फोटोही बारावीतला, बारीक केसांचा. आणि गेटवर उभी होती ती मी शिवलेल्या आकाशी पंजाबी ड्रेसमध्ये, वेणी घालून. तपासणीच्या दोन रांगा होत्या, मुलांची आणि मुलींची. वॉचमननं तिला मुलींच्या रांगेतून काढून मुलांच्या रांगेत पाठवलं, तिथून मुलं हसायला लागली म्हणून परत बाजूला घेतलं. कुणीतरी मॅडम आल्या. हॉल तिकीट बघितलं, तिच्याकडे बघितलं, म्हणाल्या, "ही व्यक्ती तूच कशावरून?" तिनं आधार दाखवलं, त्यावरही तेच नाव, तोच फोटो. "वरिष्ठांना विचारून येते," म्हणून मॅडम आत गेल्या. सव्वादहा. साडेदहा. गेट बंद झालं. मॅडम काही बाहेर आल्या नाहीत. तेवढ्या वेळात दोघातिघांनी मोबाईलवर तिचा व्हिडिओ मात्र काढला. विचारायला वेळ नव्हता, व्हिडिओला होता.

ती तशीच बस पकडून दौंडला आली. दुकानाच्या आतल्या बाजूला, जिथं बायका कपडे घालून बघतात त्या पडद्याआड जाऊन बसली. तीन गिऱ्हाइकं येऊन गेली तरी बाहेर आली नाही. संध्याकाळी म्हणाली, "पुढच्या परीक्षेला तो पेपर परत देता येतो. पण मी त्या नावानं त्या गेटवर परत जाणार नाही, आत्या. कोर्स सोडते. मला इथंच काजं-बटणं करू दे."

माझ्या दुकानात काजं-बटणं करणं वाईट नाही. पण जिला शीर सापडते तिनं आयुष्यभर काजं करायची, कारण गेटवरच्या एका माणसाला कागद आणि तोंड जुळवता येत नाही? पुढच्या परीक्षेला चार महिने होते. चार महिन्यांत कागदावर तिचं खरं नाव आलं तर ती पेपरला बसणार होती. नाही आलं तर शिक्षण संपलं. इतका सरळ मामला होता.

मी भावजयीला दौंडला बोलावून घेतलं. पोरीला विचारलं, "नाव काय घ्यायचं?" तर नाव तिनं कधीच निवडून ठेवलं होतं, दोन वर्षांपासून मोबाईलमध्ये लपवून. आईला दाखवलं, आईला आवडलं. मी म्हटलं, झालं तर मग, लिहा. पण ती जागची हलेना. म्हणाली, "तू सांग ना माझ्या कानात. पहिलंही तूच सांगितलं होतंस."

भर दुपारी, दुकानाचं शटर अर्धं ओढून, त्याच पडद्याआड ती स्टुलावर बसली. मी वाकले, कानात 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं. आणि माझ्या पाठीत असा एक बुक्का बसला की मी पुढं जाऊन भिंतीला धडकले. भावजय इतकी वर्षं न बोलता काय काय गिळत होती ते सगळं त्या एका बुक्क्यात उतरलं होतं. मग आम्ही तिघीही हसलो, आणि हसता हसता भावजय रडायला लागली. घुगऱ्या नव्हत्या, तर समोरच्या गाड्यावरून वडापाव आणले.

हे झालं आमच्यापुरतं. आता सरकारपुरतं व्हायचं होतं. पुण्यातल्या एका संस्थेत काम करणाऱ्या ताई होत्या, स्वतः ह्याच सगळ्यातून गेलेल्या. त्यांनी फोनवर सगळं नीट समजावून दिलं. दोन कागद लागतात: एक ओळखीचं प्रमाणपत्र, आणि दुसरं राजपत्रात नाव बदलल्याची नोंद. ते मिळाले की कॉलेजनं नाव बदलायला पाहिजे. पहिल्या कागदाला डॉक्टरी तपासणी लागत नाही, सज्ञान माणसाला आईबापाची परवानगी लागत नाही. मी कोण आहे हे तिनं स्वतः प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं, बस्स. त्यांनी नियमाचा कागद पाठवला. मी त्याच्या दहा प्रती काढल्या.

नियम छापलेला होता. वाचलेला कुणी नव्हता. कुठल्या कार्यालयात काय झालं ते लिहीत नाही, कारण एकाचं लिहिलं तर बाकीचे सुटतील. एकानं सांगितलं, वडिलांचं संमतीपत्र आणा. दुसऱ्यानं सांगितलं, हे आमच्याकडे होतच नाही. तिसऱ्यानं, मागं पंधरा माणसं उभी असताना, आवाज न दाबता विचारलं, "ऑपरेशन झालंय का?"

तिचा चेहरा उतरला. मी पुढं झाले. "साहेब, तुमचं मूळव्याधीचं झालंय का?"

"अहो बाई, काय बोलताय!"

"का? रांगेत नाही विचारायचं का असं? मला वाटलं विचारायचं असतं."

मागून कुणीतरी हसलं. साहेबांनी कागद घेतला, पण म्हणाले, "तरी काहीतरी पुरावा लागंल ना." ह्या पुराव्याचं मला फार नवल वाटतं. आमच्या भागात नदीकाठी इनामगावला हजारो वर्षांपूर्वीची माणसं जमिनीतून काढली. ती काय खायची, त्यांतली बाई कोण न् बापय कोण, हे शिकलेले लोक हाडांवरून ओळखतात. ते बरोबरच आहे, हाडं काही बोलत नाहीत. पण ही तर बोलतेय. समोर उभी राहून, स्वतःच्या तोंडानं सांगतेय. जित्या माणसाचं ऐकायचं नाही, तर मग ऐकायचं कुणाचं? मी नियमाची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली आणि त्यांचं वाचून होईस्तोवर तिथून हलले नाही. तिसऱ्या खेपेला अर्ज गेला. सातव्या आठवड्यात प्रमाणपत्र आलं.

मग राजपत्राचा फॉर्म. तो भरायला शिरूरला एका ऑनलाइन केंद्रात गेलो. ह्या वेळी भाऊ बरोबर होता. त्याला भावजयीनं पाठवलं होतं, "तुमी जावा, आक्का भांडत बसत्याली" असं म्हणून. तो बाहेर बाकड्यावर बसला होता, रस्त्याकडं बघत. केंद्र चालवणारा चाळिशीचा, शांत, कपाळाला बुक्का लावलेला माणूस. भराभरा टाईप करून त्यानं कच्ची प्रत काढून माझ्या हातात दिली. जुनं नाव: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. नवीन नाव: नुसतं नाव.

"हे अर्धंच आहे," मी म्हटलं.

"न्हाई ताई, बरोबर हाय," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "ह्या लोकांचं असंच असतंय. वडलांचं नाव लावत न्हाईत. घरच्यांची बी इच्छा नसती ना. गुरूचं लावायचं आसंल तर सांगा, टाकतो."

वाईट माणूस नव्हता तो. त्याला खरंच वाटत होतं की तो आमच्यावर उपकार करतोय, आमचं नाव ह्या भानगडीतून सोडवतोय. वाईट माणसाशी मला भांडता येतं. ह्या असल्या सभ्य माणसाशी नाही; मी ती प्रत परत वरून वाचायला लागले.

माझा भाऊ कधी आत आला मला कळलं नाही. त्यानं माझ्या हातातला कागद घेतला. सातवी शिकलाय तो. बोट ठेवून, ओठ हलवत सगळं वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं.

"ह्यात माझं नाव कुठाय?"

"तुम्ही कोण?" केंद्रवाल्यानं विचारलं.

"मी कोन?" भावाचा आवाज मी आयुष्यात कधी इतका चढलेला ऐकला नव्हता. बैलावरसुद्धा तो ओरडत नाही. "मी जिता हाय अजून! मेलोय का मी? माझं नाव काढाया तुला कुनी सांगितलं? माझी पोरगी हाय ती. ती बापाचं नाव लावंल, न्हाई तर काय तुजं लावंल?"

केंद्रातली सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली. तो 'ती' म्हणाला होता, 'पोरगी' म्हणाला होता, आणि त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. वर्षभर जी जीभ वळत नव्हती ती रागाच्या झटक्यात वळली. मी भाचीकडे बघितलं. ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडं तोंड करून उभी होती, आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

केंद्रवाला गडबडीनं टाईप करायला बसला. "वडलांच्या नावात वेलांटी पहिली का दुसरी?"

भावाला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. "दुसरी," ती म्हणाली.

राजपत्र आलं, कॉलेजला अर्ज गेला. तिथंही दोन चकरा, एक लेखी तक्रार आणि पुण्याच्या ताईंचा एक कडक फोन लागला. परीक्षेच्या पाच दिवस आधी नवीन हॉल तिकीट हातात पडलं. नवा फोटो, वेणीचा. नाव, बापाचं नाव, आडनाव.

पेपरच्या दिवशी आम्ही तिघंही गेलो, भाऊ, भावजय आणि मी. माझ्या पिशवीत प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये सगळ्या कागदांचे तीन-तीन संच होते, नियमाची प्रत होती, ताईंचा नंबर वर काढून ठेवला होता. वाटेत गाडीत मी मनातल्या मनात सगळं भांडण करून बघितलं होतं. मॅडम असं म्हणाल्या तर मी तसं म्हणायचं. हायवेवरून ट्रकमागून ट्रक जात होते, धूळ उडत होती. ती मुलींच्या रांगेत उभी राहिली. गेटवर तोच वॉचमन होता, तिनंच मला लांबून दाखवला.

तिचा नंबर आला. त्यानं हॉल तिकिटावरचा फोटो बघितला, तिच्या तोंडाकडे बघितलं, कागद परत दिला. "चला, पुढं व्हा," म्हणाला. ती आत गेली. दोन सेकंद. फार तर तीन.

मी फाईल छातीशी धरून तशीच उभी राहिले. भावजयीनं हात जोडले. भाऊ म्हणाला, "गेली गं आक्का. चल आता, सावलीत बसू." मला रडू फुटलं, आणि भावाला वाटलं आनंदानं. मला आनंद झालाच नव्हता असं नाही, पण रडू त्याचं नव्हतं. दोन सेकंदांचं काम होतं हे! ह्या दोन सेकंदांसाठी तिचे चार महिने गेले, ती पडद्याआड बसली, कोर्स सोडायला निघाली, आम्ही दारोदार फिरलो, माझ्या भावाला भर बाजारात आपण जिवंत असल्याचं ओरडून सांगावं लागलं.

मी डोळे पुसले आणि गेटपाशी गेले. "मागच्या परीक्षेला इथं तुम्हीच होता ना?"

"व्हय मावशी."

"ही आत्ता गेली ती मुलगी आठवते? तेव्हा का नाही सोडलंत तिला?"

त्यानं आठवलं. जरा ओशाळला. "तवा कागद बरोबर नव्हता ना, मावशी."

"कागद बरोबर नव्हता. पण पोरगी बरोबर होती ना?"

मागं मुली खोळंबल्या होत्या. "मावशी, जरा बाजूला सरा," म्हणाला आणि त्यानं पुढच्या मुलीपुढं हात केला, कागदासाठी.